शिक्षणासाठी पत्करलेला गणवेश

दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणभूमीवर दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचे सर्वोच्च सेनापती आणि नंतर १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे अमेरिकेचे अध्यक्ष असलेले ड्वाइट डेव्हिड आयसेनहॉवर यांचे नाव निघाले, की ६ जून १९४४चा नॉर्मंडीचा किनारा डोळ्यांसमोर येतो. अध्यक्षपदी असताना भारताला भेट देणारे ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. डिसेंबर १९५९मध्ये ते दिल्लीत आले होते. मात्र लाखो सैनिकांची सूत्रे हाती घेणारा हा माणूस मुळात लष्करात आला, तो युद्धाच्या ओढीने नव्हे. महाविद्यालयाचा खर्च झेपणारा नव्हता आणि सरकारी खर्चाने उच्च शिक्षण देणाऱ्या लष्करी संस्था होत्या, एवढाच त्यामागचा हिशेब होता. त्या हिशेबाने प्रवेश मिळाला. प्रत्यक्ष सैनिकी सेवेपर्यंतची वाट मात्र त्याहून कितीतरी अवघड निघाली.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सास राज्यातील डेनिसन येथे ड्वाइटचा जन्म झाला. वडील डेव्हिड यांचे कॅन्ससमधील दुकान त्याआधीच बुडाले होते आणि ते टेक्सासमध्ये रेल्वेची इंजिने पुसण्याचे काम करीत होते. ड्वाइट दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा कुटुंब कॅन्ससमधील ॲबिलीन या गावी परतले आणि वडिलांना तेथील दुग्धालयात यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली. सात मुलगे झाले, त्यांतील एक तान्हेपणीच गेला. उरलेल्या सहा भावंडांचा संसार त्या एका पगारावर चालायचा. लोहमार्गाच्या दक्षिणेला गरिबांची वस्ती, उत्तरेला सुखवस्तू मंडळींची. घरामागच्या जागेत पिकवलेली भाजी ही मुले उत्तरेकडच्या घरांतून विकत हिंडत. दारोदार फिरताना गावाच्या दोन भागांतले अंतर त्यांना लहानपणीच कळले.

घरावर छाप होती ती आई आयडा यांची. यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली व्हर्जिनियात जन्मलेल्या या बाईंनी वारशाने मिळालेली थोडकी रक्कम शिक्षणावर खर्च केली होती. लेन विद्यापीठात शिकत असतानाच त्यांची डेव्हिड यांच्याशी गाठ पडली. शिक्षणाविषयी त्यांना जितकी आस्था, तितकाच युद्धाचा तिटकारा. शस्त्र हाती धरणे पाप मानणाऱ्या धर्मपंथाच्या त्या अनुयायी होत्या. ड्वाइटला मात्र प्राचीन इतिहासाचे वेड. कार्थेजचा सेनापती हॅनिबल हा त्याचा आवडता वीर. पुस्तकांपायी घरकाम आणि अभ्यास मागे पडू लागला, तेव्हा आईने ती पुस्तके कपाटात कुलूपबंद केली. मुलाने किल्ली शोधून काढली आणि आई बाहेर गेली, की वाचन पुन्हा सुरू होई.

हायस्कूलच्या पहिल्या वर्षी गुडघ्याला झालेल्या साध्या जखमेतून विष भिनले. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांचे मत पडले. ड्वाइटने थोरला भाऊ एडगर याला खोलीच्या दाराशी पहारा द्यायला सांगितले. आपली शुद्ध हरपली तरी पाय कापू द्यायचा नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले. पाय वाचला, शाळेचे वर्ष मात्र वाया गेले. त्यामुळे १९०९ साली एडगर आणि ड्वाइट एकाच वेळी शाळेतून उत्तीर्ण झाले, आणि घरापुढे प्रश्न उभा राहिला, की दोघांना महाविद्यालयात पाठवायचे कसे?

वडिलांकडून पैसे मिळण्याजोगे नव्हते, तेव्हा भावांनी आपसांत करार केला. एकाने शिकायचे, दुसऱ्याने कमवायचे. मग पाळी बदलायची. एडगरला वकील व्हायचे होते, म्हणून पहिली पाळी त्याची. तो मिशिगन विद्यापीठात दाखल झाला आणि ड्वाइट वडिलांच्याच दुग्धालयात कामाला लागला. आधी बर्फाच्या लाद्या ओढणे, मग भट्टीत कोळसा टाकणे आणि शेवटी रात्रपाळीची देखरेख. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे ८४ तास काम आणि महिन्याला ९० डॉलरच्या आसपास पगार. यातूनच एडगरकडे पैसे जात. दोन्ही शिक्षणे या पद्धतीने पुरी व्हायला किती वर्षे लागणार, हे मोजायला गणित फारसे यावे लागत नव्हते.

याच रात्रपाळ्यांत त्याची एव्हरेट हॅझलेट या मित्राशी गट्टी जमली. हॅझलेटला ॲनापोलिसच्या नौदल अकादमीसाठी नामनिर्देशन मिळाले होते. पण गणितात तो नापास झाला होता आणि पुन्हा परीक्षेची तयारी करीत होता. ड्वाइटनेही अर्ज करावा, असा आग्रह त्यानेच धरला. सरकारी अकादमीत शिक्षणशुल्क नसते, राहण्याजेवण्याची सोय होते, वर थोडे वेतनही मिळते. अट एकच, की शिक्षणानंतर देशाची सेवा करायची. एडगरवर परतफेडीचे ओझे न टाकता शिकता येईल, हे ड्वाइटला पटले. ॲनापोलिस की वेस्ट पॉइंट, हा प्रश्न त्याच्या लेखी दुय्यम होता. मित्र जिकडे, तिकडे जायला मिळाले तर बरे, एवढीच इच्छा.

या अकादमींचा दरवाजा मात्र नुसत्या गुणांवर उघडत नसे. प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचा प्रत्येक सदस्य यांच्या वाट्याला मोजक्या जागा येत, आणि त्यांनी नाव सुचवल्याखेरीज प्रवेश परीक्षेला बसताच येत नसे. साहजिकच वजनदार घरांतील मुलांचा मार्ग सोपा होई. दुग्धालयातील कामगाराच्या मुलाजवळ वशिला कुठला? ड्वाइटने ऑगस्ट १९१०मध्ये सिनेटर जोसेफ ब्रिस्टो यांना पत्र लिहिले. मग तो गावातील संपादक, व्यापारी, प्रतिष्ठित नागरिक यांच्याकडे जाऊन शिफारसपत्रे मागू लागला. वडिलांच्या सचोटीचा लौकिक येथे कामी आला. सुदैवाने ब्रिस्टो यांनी आपल्या वाट्याच्या जागांसाठी स्पर्धा परीक्षा घेण्याचे ठरवले होते.

ऑक्टोबर १९१०मध्ये टोपेका येथे ती परीक्षा झाली. ड्वाइटने दोन्ही अकादमींसाठी तयारी दाखवली होती. वेस्ट पॉइंटच्या उमेदवारांत तो दुसरा आला. त्याच महिन्यात त्याला विसावे वर्ष पूर्ण झाले आणि ॲनापोलिसच्या वयोमर्यादेमुळे नौदलाचा दरवाजा बंद झाला. शाळेचे वाया गेलेले ते वर्ष येथे आडवे आले. वेस्ट पॉइंटची वयोमर्यादा अधिक असल्याने ब्रिस्टो यांनी त्याचे नाव तेथे पाठवले. जानेवारी १९११मध्ये सेंट लुइसजवळच्या लष्करी ठाण्यावर झालेली प्रवेश परीक्षाही तो उत्तीर्ण झाला. हॅझलेट नौदलात गेला, ड्वाइट भूदलात. दोघांचा पत्रव्यवहार मात्र १९५८ साली हॅझलेटच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला.

आता आईला सामोरे जायचे होते. आयडाबाईंनी मुलाला अडवले नाही. मुलांनी आपली वाट आपण निवडायची, हे तत्त्व त्यांनीच घरात रुजवले होते. ते स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध जाते म्हणून मोडणे त्यांना मान्य नव्हते. जून १९११मध्ये निरोप देताना त्या खंबीर राहिल्या. ड्वाइट स्टेशनकडे निघून गेल्यावर मात्र त्या आपल्या खोलीत जाऊन रडल्या. आईला रडताना आपण आयुष्यात प्रथमच ऐकले, असे सर्वांत धाकटा भाऊ मिल्टन पुढे सांगत असे.

हडसन नदीच्या काठी १८०२ साली स्थापन झालेल्या वेस्ट पॉइंटमध्ये ड्वाइट फारसा चमकला नाही. सिगारेट ओढण्यापासून खोली नीटनेटकी न ठेवण्यापर्यंत शिस्तभंगाचे नाना ठपके त्याच्यावर आले. अभ्यास बेताचा, खरा जीव रमला तो फुटबॉलमध्ये. नोव्हेंबर १९१२मध्ये एका सामन्यात गुडघा दुखावला आणि त्यानंतर काही दिवसांतच घोडेस्वारीच्या कसरतीत उडी मारताना तो पार निकामी झाला. खेळ संपला. ड्वाइट इतका खचला, की अकादमी सोडून जाण्याचा विचार त्याच्या मनात घोळू लागला. मित्रांनी त्याला थोपवून धरले. पुढे त्याने कनिष्ठ संघाला प्रशिक्षण देण्याचे काम घेतले आणि माणसे हाताळण्याची आपली हातोटी त्याला तेथेच गवसली.

या तुकडीत त्याच्यासारखी आणखीही मुले होती. मिसूरीचा ओमर ब्रॅडली हा वडिलांवाचून वाढलेला मुलगा रेल्वेच्या कारखान्यात राबून महाविद्यालयासाठी पैसे साठवत होता. वेस्ट पॉइंटचे नाव कोणी सुचवले, तेव्हा तेथेही खर्च येणार, अशीच त्याची समजूत होती. तेथे पैसे लागत नाहीत, हे कळल्यावरच त्याने अर्ज केला. राखीव उमेदवार म्हणून परीक्षा दिली आणि मूळ उमेदवार अपात्र ठरल्याने त्याची वर्णी लागली. १९१५ साली या तुकडीतून १६४ जण पदवीधर झाले आणि त्यांतील ५९ जण पुढे जनरलच्या विविध पदांवर पोचले. अमेरिकी लष्कराच्या इतिहासात ही तुकडी तारे बरसलेली तुकडी म्हणूनच ओळखली जाते.

ड्वाइटचा गुणानुक्रम होता ६१वा. पदवी मिळणार हे नक्की होते. अधिकारपदाची सनद मिळेलच, याची मात्र खात्री नव्हती. लष्करी शिक्षण आणि लष्करी सेवा यांच्यामध्ये वैद्यकीय मंडळ उभे होते. अकादमीचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल शॉ यांनी त्याला बोलावून परिस्थिती सांगितली. असा गुडघा घेऊन सेवेत आलेला अधिकारी लवकरच अपंग ठरेल आणि सरकारवर निवृत्तिवेतनाचा भार पडेल, अशी लष्कराला धास्ती होती. ड्वाइटने ते शांतपणे ऐकून घेतले. अर्जेंटिनाविषयी त्याला कुतूहल होते. तिकडे जाऊन नशीब आजमावावे, या विचाराने त्याने माहितीपत्रकेही मागवली.

काही दिवसांनी शॉ यांनी दुसरा पर्याय पुढे ठेवला. किनारी तोफखान्यात जाण्याची तयारी असेल, तर सनदेची शिफारस करता येईल. तेथे तोफा एका जागी रोवलेल्या, धावपळ कमी, गुडघ्याला त्रास नाही. विनाशुल्क शिकलेल्या आणि घरी पैशांची चणचण असलेल्या तरुणाने हा पर्याय डोळे मिटून स्वीकारायला हवा होता. ड्वाइटने तो नाकारला. नुसती नोकरी टिकवण्यासाठी कंटाळवाणे काम पत्करण्यापेक्षा लष्कर सोडलेले बरे, असे त्याचे मत होते. चार वर्षांपूर्वी केवळ शिक्षणासाठी आलेला मुलगा आता सैनिकी सेवेचा वेगळ्या अर्थाने विचार करू लागला होता. अखेर घोड्यावरील दलांची मागणी करायची नाही, या अटीवर शॉ यांनी त्याला अनुकूल शिफारस दिली. ड्वाइटने पसंतीक्रमात पहिले, दुसरे आणि तिसरे असे तिन्ही वेळा पायदळच लिहिले.

सेकंड लेफ्टनंट झालेल्या आयसेनहॉवर यांची पहिली नेमणूक टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे झाली. तेथेच त्यांची मेमी डाउड यांच्याशी भेट झाली आणि १ जुलै १९१६ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. लष्कराच्या नवजात विमान विभागात जाण्याची त्यांना संधी होती. परंतु असल्या धोक्याच्या कामात पडणार असाल तर मुलगी देणार नाही, अशी सासऱ्यांनी भूमिका घेतल्याने तो बेत सोडावा लागला.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्या धीराची खरी परीक्षा घेतली. आघाडीवर पाठवावे म्हणून त्यांनी वारंवार अर्ज केले. पण प्रशिक्षक म्हणून ते इतके उपयुक्त ठरले होते, की वरिष्ठ त्यांना सोडायला तयार नव्हते. गेटिसबर्गच्या छावणीत त्यांनी रणगाडा दलातील हजारो जवान घडवले. फ्रान्सला रवाना होण्याचे हुकूम अखेर हाती आले, ते नोव्हेंबर १९१८साठीचे. ११ तारखेला युद्धबंदी झाली. एकही गोळी न झाडता त्यांचे महायुद्ध संपले. त्यानंतर २ जानेवारी १९२१ रोजी तीन वर्षांचा थोरला मुलगा लोहितज्वराने दगावला. हे दुःख आयुष्यभर त्यांच्या सोबतीला राहिले.

शांततेच्या काळात सैन्य आक्रसले आणि बढत्या गोठल्या. १९२० ते १९३६ अशी तब्बल १६ वर्षे आयसेनहॉवर मेजर या एकाच हुद्द्यावर होते. रणगाड्यांच्या वापराविषयी नव्या कल्पना मांडणारा लेख लिहिला, तर अधिकृत मताच्या विरोधात लिहिल्याबद्दल लष्करी न्यायालयाची धमकी मिळाली. या उजाड काळात त्यांना जनरल फॉक्स कॉनर हे गुरू लाभले. १९२२पासून पनामात त्यांच्या हाताखाली असताना आयसेनहॉवर यांचे खरे लष्करी शिक्षण झाले. इतिहास, युद्धशास्त्र, तत्त्वज्ञान यांची पुस्तके वाचायची आणि कॉनर यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, असा हा पाठ होता. पुढे लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजला पाठवण्यास पायदळाच्या प्रमुखांनी नकार दिला, तेव्हा कॉनर यांनी त्यांची बदली तात्पुरती दुसऱ्या विभागात करवून त्या विभागाच्या कोट्यातून प्रवेश मिळवून दिला. १९२६ साली २४५ अधिकाऱ्यांत ते पहिले आले. वेस्ट पॉइंटचा ६१वा येथे अव्वल ठरला.

अमेरिकेत अधिकारी होण्याचा वेस्ट पॉइंट हा एकच मार्ग नव्हता. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांच्यासाठी वेस्ट पॉइंटचा दरवाजा उघडलाच नव्हता. ते १९०१ साली व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून पदवी घेऊन बाहेर पडले, थेट वॉशिंग्टनला जाऊन परीक्षेला बसण्याची परवानगी मिळवली आणि १९०२ साली सनद पटकावली. १९१६च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने तिसरी वाट खुली केली, ती नागरी विद्यापीठांत शिकता शिकता राखीव अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेण्याची. आजही त्या देशातील विद्यार्थ्यांपुढे हेच पर्याय असतात. वेस्ट पॉइंटच्या विनाशुल्क शिक्षणाच्या बदल्यात पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि तीन वर्षे राखीव दलात राहण्याचे बंधन येते. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होण्याआधी मात्र हा मार्ग बिनशर्त सोडता येतो.

हाच प्रश्न एके दिवशी आयसेनहॉवर यांच्याच घरात आला. मनिलातील चार वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर १९३९मध्ये ते अमेरिकेत परतले आणि वॉशिंग्टन राज्यातील छावणीत रुजू झाले. जवळच टॅकोमा येथे एडगर यांची वकिली जोरात चालली होती. ड्वाइट यांचा मुलगा जॉन याने वकील व्हावे, शिक्षणाचा खर्च आपण करू आणि पुढे व्यवसायातही सामावून घेऊ, असे काकांनी सुचवले. एकेकाळी ज्या भावासाठी रात्रपाळ्या केल्या, तोच आता पुतण्याच्या शिक्षणाचा भार उचलायला तयार होता. आयसेनहॉवर यांनी मुलापुढे दोन्ही बाजू मांडल्या. वकिलीत पैसा होता, मोकळीक होती. लष्करात मात्र, कितीही चांगले काम केले तरी, आपण स्वतः फार तर कर्नल म्हणून निवृत्त होऊ, हे त्यांनी लपवले नाही. चांगल्या माणसांच्या सहवासात समाधान मिळाले, हेही सांगितले. जॉनने वेस्ट पॉइंट निवडले.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर आठवडाभरात मार्शल यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. अडीच वर्षांनी नॉर्मंडीच्या मोहिमेचा अंतिम निर्णय त्यांच्या शब्दावर अवलंबून होता. मोहीम फसली तर सारा दोष आपल्या माथी घेणारे निवेदनही त्यांनी लिहून खिशात ठेवले होते. ज्या ६ जून १९४४ रोजी वडिलांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरत होते, त्याच दिवशी जॉन वेस्ट पॉइंटमधून पदवीधर होत होता. त्या मुलांपैकी अनेकांना लवकरच युद्धावर जायचे होते, आणि त्यांतला एक आपला आहे, हे सेनापतीला ठाऊक होते.

ॲबिलीनला आयडाबाई हे सारे पाहत होत्या. मुलाचा अभिमान वाटतो का, असे विजयानंतर कोणी विचारले, तर त्या कोणत्या मुलाचा, असे उलट विचारीत, अशी आठवण सांगितली जाते. सहाही मुले आपापल्या वाटेने गेली होती, आणि त्यांच्या लेखी त्यांत डावेउजवे नव्हते. १९४६ साली त्या निवर्तल्या.

अध्यक्ष झाल्यावर आयसेनहॉवर यांनी १९५४ साली हवाई दल अकादमीच्या स्थापनेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तरुणपणी ज्या विभागाची वाट त्यांनी सोडली होती, तिकडे जाणाऱ्या मुलांसाठी सरकारी खर्चाच्या शिक्षणाचा आणखी एक दरवाजा उघडला. २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार सामान्य सैनिकाला मिळते तशाच साध्या शवपेटीत, अंगावर लष्करी गणवेश चढवून, ॲबिलीनच्या मातीत थोरल्या मुलाच्या शेजारी त्यांना विसावा देण्यात आला. चार वर्षांच्या शिक्षणासाठी म्हणून पत्करलेला तो गणवेश अखेरपर्यंत उतरला नव्हता.